पोरीला मोजायचं कशानं?

(आपल्या संघाच्या तिमाही सभेत मी जे बोलले, ते लिहून द्या असं बऱ्याच जणींनी सांगितलं. म्हणून बोलले तसंच, थोडं नीटनेटकं करून इथे देते आहे. – क्षेत्र समन्वयक)



आज मी बँक लिंकेजवर बोलणार नाही. परतफेडीवरही नाही, आणि ऑडिटवर तर मुळीच नाही. आज मी बेसबॉलवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या आधी. मागच्या रांगेतल्या काकू विचारतायत, ते क्रिकेटसारखं का? हो, थोडंसं तसंच. पण पूर्ण ऐका, कारण गोष्ट खेळाची असली तरी ती आपल्याच एका गटाच्या रजिस्टरात सुरू झाली.

काही महिन्यांपूर्वी मी एका गटाच्या बैठकीला बसले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, आणि कर्जाची मागणी आली. एक ताई म्हणाल्या, मला पाच हजार पाहिजेत. सचिव ताईंनी पेन उचललं, कर्जाचं कारण काय लिहू? ताई हळूच म्हणाल्या, पोरीला कॅचरचा ग्लोव्ह आणि पायाचे गार्ड घ्यायचे आहेत. सचिवांचं पेन तिथंच थांबलं.

मग सुरू झालं. एक म्हणाली, शेळीला मागितले असते तर आत्ता दिले असते, शेळी पिल्लं तरी देते. दुसरी म्हणाली, पोरगी गुडघे फोडून घरी येते, उद्या कोण करणार हिला? तिसरी म्हणाली, अगं पण तिला निवड चाचणीत घेतलंच नाही ना, मग पैसे कशाला घालायचे?

तेही खरं होतं. पोरगी नववीत, चौदा वर्षांची. चाचणीला गेली आणि परत आली. तिथून निरोप एवढाच आला: "उंची नाही, थ्रो कमी पडतो." बाकी काही नाही.

त्या ताई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मला एक सांगा, ही पुढं जाईल का? जाणार असेल तर कर्ज घेते. नसेल तर आजच बंद करते."

ताई, मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. कारण तेच वाक्य मी स्वतः तेरा वर्षांची असताना ऐकलं होतं. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचरच होते. एका चाचणीत सांगितलं, "हात कमजोर आहे." मी घरी आले, ग्लोव्ह शाळेत जमा केला, आणि विषय संपला. पुढं कॉलेजात खेळणाऱ्या एका मैत्रिणीनं माझा थ्रो पाहिला आणि म्हणाली, तुझा हात चांगला आहे गं, तू पाय चुकीचा टाकतेस. एवढंच होतं. पाय. पण ते तेव्हा कोणी बघितलं नाही, आणि सांगितलंही नाही.

म्हणून मी घरी जाऊन बसले, वाचलं, जुन्या मैत्रिणींना विचारलं, आणि पुढच्या बैठकीत त्या ताईंना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

कॅचर म्हणजे कोण?

पिचर बॉल टाकतो, बॅटर मारायला उभा असतो, आणि बॅटरच्या मागे उकिडवं बसून जो प्रत्येक बॉल घेतो तो कॅचर. तोंडावर जाळीचा मास्क, छातीला गार्ड, गुडघ्यापासून पावलापर्यंत लेग गार्ड, आणि हातात जाड गादीचा ग्लोव्ह. बॉल साधारण 145 ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण लागला तर लागतोच.

आता एक गंमत बघा. मैदानावर फील्डिंग करणाऱ्या नऊ जणी असतात. त्यातल्या आठ जणींचं तोंड एकीकडे, आणि कॅचरचं त्यांच्याकडे. पूर्ण मैदान समोर दिसतं ते फक्त तिला. कोण कुठं उभी आहे, किती आऊट झाले, बेसवरची कोणती पोरगी पळायच्या तयारीत आहे, हे सगळं ती बघते आणि ओरडून सांगते. आपल्या गटात सचिव असते ना, तशी. पैसा सगळ्यांचा, पण कुणाचा हप्ता राहिला हे तिच्या डोक्यात पक्कं.

मग तिच्यात बघायचं काय?

आपण गटाचं ग्रेडिंग करतो तेव्हा नुसती बँकेतली शिल्लक बघतो का? नाही. बैठका नियमित आहेत का, बचत होते का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड वेळेवर आहे का, रजिस्टर लिहिलेलं आहे का, हे वेगवेगळं बघतो. एखादा गट बचतीत पक्का आणि रजिस्टरात कच्चा असला, तर आपण गट बंद करत नाही. रजिस्टर शिकवतो. पोरीचंही तसंच करायचं. "चांगली" की "वाईट" असा एकच शिक्का मारायचा नाही. पाच गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या.

पहिली गोष्ट, बॉल घेणं. बॉल ग्लोव्हमध्ये येताना हात शांत राहतो का? की बॉलच्या मागे हात वाहवत जातो? डोळे मिटतात का? नवीन पोरींचे डोळे हमखास मिटतात. ती भीती आहे, कमजोरी नाही. टेनिसच्या मऊ बॉलवर सराव केला की हळूहळू जाते.

दुसरी, बॉल अडवणं. बॉल जमिनीवर टप्पा खाऊन येतो तेव्हा तो पकडायचा नसतो, अडवायचा असतो. दोन्ही गुडघे खाली, ग्लोव्ह दोन पायांच्या मधल्या जागेवर, हनुवटी छातीशी, खांदे पुढं झुकलेले. बॉल छातीच्या गार्डला लागून पुढ्यातच पडला पाहिजे. शेतात पाटाचं पाणी फुटलं की आपण आधी बांध घालतो, ओंजळीनं पाणी धरत बसत नाही. तसंच आहे हे. आणि हे शिकवून येतं. यात उंचीचा काही संबंध नाही.

तिसरी, फेकणं. बेसवरची पोरगी दुसऱ्या बेसकडं पळाली की कॅचरनं तिथं बॉल फेकायचा. मोठ्यांच्या मैदानात हे अंतर 127 फुटांच्या थोडं वर आहे. बॉल ग्लोव्हमध्ये आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंत किती वेळ लागला, ते मोजतात. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमधले पुरुष खेळाडू साधारण दोन सेकंदांत हे करतात. पण नीट बघा, या दोन सेकंदांत तीन कामं आहेत: बॉल ग्लोव्हमधून हातात घेणं, पाय टाकणं, आणि मग फेकणं. हाताची ताकद फक्त शेवटच्या कामात लागते. पहिली दोन कामं सरावाची आहेत. माझं गाडं तिथंच अडलं होतं.

चौथी, बोलणं. कॅचर मैदानात गप्प आहे की आवाज देते? पिचरचे दोन-तीन बॉल वाईट पडले की तिच्याकडं जाते का? तिला धीर देते की डोळे वटारते? घरात पाहुणे आले की आत पळणारी पोरगी मैदानात आठ जणींना सांगायला लागली, तर ती प्रगती आहे. ती कुठल्याच चाचणीच्या कागदावर येत नाही. तुम्हाला मात्र दिसते.

पाचवी, चुकीनंतर काय करते. बॉल हातातून सुटला, समोरच्यांना धाव मिळाली. पुढच्या बॉलला ती तयार बसली आहे की अजून मागच्याच बॉलचं रडतेय? कॅचरला रडायला वेळ नसतो, कारण पुढचा बॉलही तिच्याकडंच येणार असतो.

आईनं करायचं काम

तुम्ही म्हणाल, मॅडम, आम्हाला खेळ कळत नाही. कळायची गरज नाही. आपल्याला मोजता येतं, आणि मोजलेलं लिहिता येतं. जी बाई दहा जणींचा हिशेब रुपयासकट लावते, तिला हे अवघड नाही.

एक शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास. धाकट्या भावाला किंवा बहिणीला समोर उभं करा आणि टप्पा खाऊन येणारे दहा बॉल टाकायला सांगा. मास्क आणि गार्ड घालूनच. दहापैकी किती पुढ्यात थांबले, तो आकडा लिहा. मग दहा थ्रो. खुणेच्या जागेवर किती गेले, ते लिहा. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दोन-तीन थ्रोंची वेळ घ्या. मोबाईल असेल तर बाजूनं एक छोटा व्हिडिओ काढा, म्हणजे पाय कुठं पडतो ते तिचं तिलाच दिसेल. तारीख टाका. झालं.

आणि एक नियम पाळा. तिचा आकडा शेजारच्या पोरीशी लावायचा नाही. तिच्याच मागच्या महिन्याशी लावायचा.

कशावरून ठरवायचं नाही

उंचीवरून नाही. चौदाव्या वर्षी दोन पोरी शेजारी उभ्या केल्या तर एक बाई दिसते, एक लहान मूल दिसतं. वय तेच. जिचं शरीर लवकर भरलं ती आज लांब फेकते. दुसरी दोन वर्षांनी फेकेल. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. एकाच गटात कुणी वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली असते, कुणी शेवटाला. त्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो.

मैदानावरूनही बघा. लहान मुलांच्या मैदानात बेसमधलं अंतर 60 फूट असतं, मोठ्यांच्या मैदानात 90. लहान मैदानात दुसऱ्या बेसचा थ्रो सुमारे 85 फुटांचा असतो. म्हणजे लहान मैदानात खेळलेल्या पोरीला एकदम मोठ्या मैदानात उभं केलं, तर थ्रो जवळजवळ दीडपट लांब होतो. कमी पडला तर त्यात नवल काय?

आणि एका दिवसावरून तर मुळीच ठरवू नका. एका महिन्याचा हप्ता चुकला म्हणून गट बुडाला असं आपण म्हणतो का?

मोठमोठ्या जाणकारांचेही अंदाज चुकतात. प्युर्टो रिको नावाच्या बेटावर मोलिना आडनावाचं एक कुटुंब आहे. वडील कारखान्यात काम करायचे आणि उरलेला वेळ मुलांना मैदानात शिकवायचे. तीन मुलं, तिघंही कॅचर. सगळ्यात थोरल्या बेंजी मोलिनाला अमेरिकेतल्या खेळाडू निवडीत कुणीच घेतलं नाही. नंतर 1993 मध्ये एका संघानं त्याच्याशी तसाच करार केला. त्याच बेंजीला पुढं 2002 आणि 2003 मध्ये उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला. धाकट्या यादिएरला तो नऊ वेळा मिळाला. तिघंही भाऊ तिथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या विजेत्या संघात खेळले.

दुसरा बस्टर पोझी. हा कॉलेजात गेला तेव्हा कॅचर नव्हताच, शॉर्टस्टॉप होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. 2012 मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला चौदाव्या वर्षी कॅचर म्हणून तपासलं असतं, तर बघायला काहीच मिळालं नसतं.

मी असं म्हणत नाही की आपली प्रत्येक पोरगी तिथं पोचेल. एवढंच म्हणते की चौदाव्या वर्षीच्या "नाही"ला शेवटचा निकाल समजू नका. आणि हा पुरुषांचाच खेळ आहे असंही समजू नका. महिला बेसबॉलचा विश्वचषक 2004 पासून होतो, आणि 2016 मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या विश्वचषकात भारताच्या मुलीही खेळल्या.

जपायचं काय?

हे नीट ऐका, कारण इथं आईचा शब्द शेवटचा असला पाहिजे.

गार्ड आणि मास्कशिवाय कॅचिंग नाही. सरावालाही नाही. "आजचा दिवस तसंच बस" असं कुणी म्हटलं तरी नाही. बस्टर पोझीची गोष्ट अजून संपली नव्हती. 2011 मध्ये होम प्लेटवर धावत आलेला खेळाडू त्याच्यावर आदळला, पाय मोडला, आणि उरलेला हंगाम गेला. अशा धडकांविरुद्ध मोठ्या लीगनं 2014 मध्ये नियम केला. मोठ्या माणसांसाठी नियम करावा लागतो, तर आपल्या पोरींसाठी आपण बोललंच पाहिजे.

एकाच दिवशी पिचर आणि कॅचर दोन्ही करायला लावू नका. दोन्हीत फेकणं खूप असतं, आणि वाढत्या वयात कोपर-खांद्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये नियमच आहे: चार डाव किंवा जास्त कॅचिंग केलेल्या मुलानं त्या दिवशी पिचिंग करायचं नाही. कोपर दुखतंय असं ती म्हणाली तर हळद लावून परत पाठवू नका. थांबवा, डॉक्टरला दाखवा.

पाणी द्या. एवढी गार्डं घालून उन्हात बसायचं म्हणजे घामाच्या धारा लागतात. सकाळी पोरगी काय खाऊन जाते ते बघा. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती ती खाते की खिशातून परत आणते, तेही विचारा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. पण मैदानाजवळ संडास आणि पाणी आहे का, हे शाळेत जाऊन विचारणं आपलं काम. दोघी-चौघी मिळून गेलो तर उत्तर लवकर मिळतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि कर्जाचं काय झालं?

गटानं त्या दिवशी कर्ज दिलं नाही. नाकारलंही नाही. अध्यक्ष ताईंनी सुंदर तोड काढली. म्हणाल्या, तीन महिने वही लिहा, मग वही बघून ठरवू. तोपर्यंत शाळेचं जुनं किट पोरीला घरी मिळावं म्हणून त्या स्वतः मुख्याध्यापकांकडं जाऊन आल्या.

तीन महिन्यांनी वही बैठकीत आली. मी ती हातात घेऊन बघितली. पहिल्या पानावर दहापैकी तीन बॉल अडवलेले. शेवटच्या पानावर दहापैकी सात. थ्रोची वेळ फार कमी झालेली नव्हती, पण खुणेवर जाणारे थ्रो दोनचे पाच झाले होते. मधल्या एका पानावर आईनं लिहिलं होतं, "आज ताप, मोजले नाही." आणि एका पानावर, "आज पिचरला ओरडली नाही, जवळ जाऊन बोलली."

शेळीवाल्या मावशींनी वही उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "शेळीचं इतकं लिहिलं असतं तर माझ्या दोन शेळ्या मेल्या नसत्या." मग सगळ्या हसल्या. कर्ज मंजूर झालं. पण पाच नाही, तीन हजार, फक्त लेग गार्ड आणि ग्लोव्हसाठी. बाकीचं शाळेचं वापरायचं ठरलं. दहा हप्ते. आईच्या शिवणकामातून ती ते फेडते आहे, आजपर्यंत एकही चुकला नाही.

पोरीची पुढच्या चाचणीत निवड झाली का? नाही. राखीव खेळाडूंत नाव आलं. मी मुद्दाम सांगते आहे, कारण गोष्टीचा शेवट गोड करायला मला खोटं बोलायचं नाही. पण या वेळी ती चाचणीहून परत आली तेव्हा रडत नव्हती. तिनं तिथल्या सरांना विचारलं होतं, "माझं काय कमी पडलं, ते सांगा, मी लिहून घेते." सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. तिनं लिहून आणल्या. तेरा वर्षांच्या मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

तुमच्या घरातली पोरगी कदाचित बेसबॉल खेळत नसेल. कबड्डी खेळत असेल, खो-खो खेळत असेल, चित्रं काढत असेल, नाहीतर शिवण शिकत असेल. कुणी तिला एका वाक्यात "जमणार नाही" म्हटलं, तर तीन प्रश्न विचारा. नेमकं काय जमत नाही? ते शिकून येतं की वयानं येतं? आणि मागच्या महिन्यापेक्षा आज किती पुढं आहे? खेळात पुढं जायचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. तुमच्या पोरीच्या खेळाला शालेय स्पर्धा, खेळाचे गुण, नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण यातलं काय लागू होतं, ते तिथं विचारा. एकटीनं जाऊ नका, गटानं जा.

आणि एक वही घ्या. आपण पैशाचा हिशेब लिहायला शिकलो तेव्हा घरातलं आपलं बोलणं ऐकलं जायला लागलं. आता पोरीच्या मेहनतीचाही हिशेब लिहू.

पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा वह्या बघायला मागणार आहे. सांगून ठेवते.